दोन हेवीवेट आणि मी एक बोरा

मी एक बोरा बोलतोय. कोणी मला पोतं म्हणतं, कोणी गोणपाट. पावसाळ्यात दाराशी टाकून चिखलाचे पाय पुसायला मात्र सगळ्यांनाच मी चालतो. पुसा बापडे! पण एवढं ध्यानात ठेवा, याच अंगाने दोन हेवीवेट बॉक्सरांना घाम फोडला आहे.

माझा जन्म कलकत्त्याकडच्या ताग गिरणीतला. तिथून आगगाडीने तुमसरला आलो आणि धानाच्या कामाला लागलो. खळ्यातून राईस मिलमध्ये, मिलमधून परत खळ्यात. हमालांनी आकडे खुपसले, उंदरांनी कोपरे कुरतडले. चार हंगामांत माझी चाळण झाली. आता चुलीत जाणार, असं वाटत असतानाच मोहाडीजवळच्या एका गावात मारोतरावांच्या घरी माझं नशीब उघडलं.

मारोतराव पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. छाती कवाडाएवढी. त्यांच्या पत्नीने, कुंताबाईने, मला ठिगळं लावली आणि मारोतरावांनी माझ्यात कोंडा आणि वाळू भरून अंगणातल्या मोहाच्या झाडाला टांगलं. मग रोज सकाळी ठोसे! पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं, यापेक्षा चूल बरी होती. पण सवय झाली. माणसं मला उचलतात, टाकतात, झटकतात. इतकं मन लावून माझ्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या घरात एक पितळी कप होता. जबलपूरला पलटणींच्या सामन्यांत मिळालेला. पण त्या कपात एक सल होता. अंतिम लढत होती बपेऱ्याच्या भैय्यालाल यांच्याशी. ते दुसऱ्या पलटणीतले हेवीवेट. आदल्या रात्री भैय्यालाल यांना हिवताप चढला, ते सामन्याला उतरलेच नाहीत आणि मारोतरावांना कप बसल्या जागी मिळाला.

झालं! तेव्हापासून भंडारा जिल्ह्यात बाजार भरला की वाद ठरलेला. ही लढत झाली असती तर कोण जिंकलं असतं? मोहाडीचा बाजार मारोतरावांकडून बोलायचा, बपेरा भैय्यालाल यांच्याकडून. ज्यांनी आयुष्यात बॉक्सिंग पाहिलं नाही, तेही हवेत हात फिरवून कोण कसा पडला असता ते दाखवायचे. माणसाला न झालेल्या गोष्टीचीच जास्त खात्री असते.

एकोणऐंशी साली गंमत झाली. मारोतरावांचा मुलगा सेवकराम आणि भैय्यालाल यांची मुलगी चंद्रकला यांचं जुळलं. पोरांची पसंती झाली, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, बैठक बसली. चहा पिता पिता कोणीतरी हसत तोच प्रश्न काढला.

"मले ताप नसता तं हा कप बपेऱ्यात असता," भैय्यालाल म्हणाले.

"ताप होता का भेव होता, कोणाले मालूम?" मारोतराव म्हणाले.

बैठक मोडली. पाहुणे उठून गेले. सेवकराम त्या दिवशी माझ्याशेजारी उभा राहून माझ्या ठिगळाचे धागे ओढत होता. तिकडे चंद्रकलाने अन्न सोडल्याचं कानावर आलं. मला फार वाईट वाटलं.

दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, तोंडावर दोन्हीकडून आव्हानं सुरू झाली. म्हातारपणी समोरासमोर लढायचं म्हणे! तेव्हा कुंताबाई कडाडली, "या वयात एकमेकायले माराल तं लग्नाच्या आधी तेरवी होईन! बोरा फोडा. ज्याच्या हातानं धान सांडन, तो जितला. पण पाव्हण्यायले सांगून ठेवा, लढत झाल्यावर तोंडं बंद!"

दोघांनाही ते मानवलं. पण हरणारा मांडवात पाय ठेवणार नाही, हे ती पुरतं ओळखून होती. तिने कोंडा-वाळू काढून माझ्यात नवा धान भरला, दाभण घेतलं आणि सुतळीने दुहेरी शिवण घातली. शेवटची गाठ मारताना हळूच म्हणाली, "फाटू नको रे बाप्पा. माह्या पोराचं लगन आहे."

आजवर माझ्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं.

मंडईच्या दिवशी दंगलीच्या आखाड्यात मला टांगलं. गावंच्या गावं लोटली होती. बैल सोडलेल्या रेंगीत चंद्रकला मान खाली घालून बसली होती. ढोल वाजला आणि आळीपाळीने ठोसे सुरू झाले. मारोतरावांचा ठोसा जड, मुसळासारखा. भैय्यालाल यांचा चपळ, आत घुसणारा. काय हात होते ते! दुखत होतं, पण अभिमानही वाटत होता. दोघांचाही ठोसा खाल्लेला जगात मी एकटाच.

खालच्या कोपऱ्यात शिवण उसवू लागली. एक टाका गेला, दुसरा गेला. लोकांना दिसत नव्हतं. पाळी मारोतरावांची. माझं हेलकावणं थांबवायला त्यांनी हात लावला, तर बोटांना धानाचे दाणे लागले. एक ठोसा, की वीस वर्षांचा वाद संपला! त्यांनी मान वर करून सेवकरामकडे पाहिलं. मग ठोसा मारला. आवाज मोठा, पण आत जोर नव्हता.

भैय्यालाल यांनीही मला धरलं. त्यांच्याही बोटांना तेच लागलं. मारोतरावांनी काय सोडून दिलं, ते त्यांना तिथेच कळलं. त्यांनी रेंगीकडे एकदा पाहिलं आणि त्यांचा ठोसा तर त्याहून हलका आला. जणू पाठ थोपटली माझी.

"याले फोडणं आपल्या बाचं काम नाही," ते धापा टाकत म्हणाले.

"बोरा जितला!" मारोतराव ओरडले आणि हसत माझ्या अंगावर रेलले. दुसऱ्या बाजूने भैय्यालाल रेलले. माझ्याआडून दोघांचे हात एकमेकांना सापडले. मंडईत टोप्या उडाल्या, ढोल थांबेना. कुंताबाई पदराने डोळे पुसत हसत होती.

माझ्यातला तो धान तिने जपून कांडला. लग्नात त्याच तांदळाच्या अक्षता झाल्या. त्या काठोकाठ भरल्या होत्या जबलपूरच्या कपात. मारोतरावांनी तो कप आपल्या व्याह्यांच्या, भैय्यालाल यांच्या हाती दिला. "धरा, इवाई. आज तं ताप नाही ना?"

"नाही. आता ठणठणीत आहो," भैय्यालाल म्हणाले आणि पहिली मूठ त्यांनीच उधळली.

आता मी जीर्ण झालोय. सेवकराम-चंद्रकलाच्या दाराशी पडून असतो. बाजारात अजून तोच प्रश्न निघतो, कोण जिंकलं असतं? मला ठाऊक आहे. पण मी सांगणार नाही. तुम्ही आलात तर पाय खुशाल पुसा. फक्त जरा हळू. जिल्ह्याचा हेवीवेट चॅम्पियन आहे मी!