पतीचे नाव : नाही

“न्हाई म्हंजी? मेला का काय त्यो?” बाळाबाईंनी विचारलं.

मी त्यांना लॅपटॉपवरचं त्यांचं पान वाचून दाखवत होतो. दुसऱ्याच ओळीला अडखळलो. ओळ अशी होती : पतीचे नाव : नाही.

“तसं नाही बाळाबाई,” मी म्हणालो, “तुम्ही त्यांचं नाव घालू नका म्हणालात, म्हणून मी जागा मोकळी सोडली. मोकळी जागा दिसली की हा आपोआप ‘नाही’ लिहितो.”

“ह्यो कोन?”

“हा... साचा.”

“मंग सांगा त्याला, चांगला जित्ता हाय म्हनावं. नसरापुरात ऱ्हातुय दुसरीसंगं. परवा बाजारात दिसला, कोतमीर निवडत हुता. माझ्या हितं कवा साधी जुडी सोडली न्हाई त्यानं.”

मला हसू आलं, पण हसावं की नाही ते कळेना. मी चहा विचारला. त्या नको म्हणाल्या.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगायला हवं. भोरला वाचनालयात मी चौतीस वर्षं लेखनिक होतो. तिथं शाळकरी वयात पुस्तकं न्यायला येणारी स्नेहल आता पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. तिचं आजोळ गुंजवणीच्या धरणात गेलेल्या एका वाडीतलं. वाडीची माणसं पांगली. कोणी दौंडकडे, कोणी शिरूरकडे, बाळाबाईंसारखी काही पाण्याच्या वरच्या अंगाला डोंगरावर. प्रत्येक माणसाचं एक पान असलेली साईट करू, असं स्नेहल म्हणाली. माणसांकडून ऐकून लिहायचं काम तिनं माझ्याकडे दिलं. मी तीनदा नको म्हणालो. माझ्याहून बरी लिहिणारी माणसं भोरमध्ये आहेत, हे मी तिला नावांनिशी सांगितलं होतं.

ती म्हणाली, “काका, तुम्ही फक्त एक ओळ टाईप करायची.”

ते खरं होतं. काळ्या पडद्यावर एक ठरलेली ओळ, तिच्यापुढे माणसाचं नाव, आणि बटण. की लगेच नवी फाईल तयार. आत तारीख घातलेली, रकाने मांडलेले. कोऱ्या कागदापुढे माझा हात थांबतो. रकाने आखून दिले की चालतो. त्यामुळे तो साचा मला फार आवडला. आत काय काय हवं ते मीच तिला सांगितलं होतं : नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, गाव, व्यवसाय, आठवण. सांगताना आपण वाचनालयाचा सभासद अर्जच पाठ म्हणतो आहोत, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

तेवीस पानं झाली, कोणी काही बोललं नाही. चोविसाव्या बाळाबाई.

“ऐका सायेब,” त्या म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता. “धरनाच्या यादीत त्याचं नाव. सातबाऱ्यावर त्याचं. रेशनकार्डावर बी त्याचंच. तीस वरसं चिखल म्या तुडवला, भाताचं आवन म्या लावलं. त्यो कवा बांधावर आला न्हाई. आन हितं बी त्याच्या मागं हुबी ऱ्हाऊ? पुसा माझं पान. माझ्यासमोर पुसा.”

रविवारी देवीच्या जत्रेला वाडीची सगळी माणसं जमणार होती आणि स्नेहल ती साईट तिथं दाखवणार होती. बाळाबाईंची आठवण तेवीस जणांपेक्षा उजवी होती. भर पावसात भातखाचराचा बांध फुटला, तेव्हा त्या पाठ लावून तिथं बसून राहिल्या आणि दिरानं दगडमाती आणेपर्यंत हलल्या नाहीत, ती हकिगत. ते पान पुसायचं?

“तो रकाना आहे, बाळाबाई,” मी म्हणालो.

हे वाक्य मी आयुष्यभर बोलत आलो. एकदा खुर्शिदा नावाची शिवणकाम करणारी बाई सभासद व्हायला आली होती. अर्जावर पतीची सही हवी होती, आणि नवरा तिला सोडून गेलेला. मी हेच म्हणालो. ती ‘बरं’ म्हणाली, हातातलं पुस्तक नीट मांडणीत परत ठेवलं आणि गेली. पुन्हा कधी आली नाही. नियम मी केला नव्हता, असं मी स्वतःला बऱ्याचदा समजावलं आहे.

हा मात्र मीच केला होता.

“मग तुमची ओळख काय लिहू?” मी विचारलं.

“आमच्यात खाचरावरनं वळखायचे. म्या वाकनातली. वाकनातली बाळा म्हनलं की पुढं काय लागायचं न्हाई.”

साच्याची फाईल कुठं असते ते स्नेहलनं एकदा दाखवलं होतं. मी ती उघडली. जेमतेम सात ओळी होत्या. सगळी साईट बंद पडेल अशी भीती वाटत होती, तरी पतीच्या नावाची ओळ खोडली आणि तिथं ‘खाचर’ लिहिलं. मग बाळाबाईंचं जुनं पान पुसलं, पुन्हा ती ठरलेली ओळ टाईप केली आणि नव्या पानात त्यांची आठवण जशीच्या तशी ठेवली.

“बाळाबाई,” मी वाचलं. “खाचर : वाकण.”

त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला.

“पुन्यांदा वाचा,” त्या म्हणाल्या.

मी वाचलं.

“आता टाका चहा. साखर जरा हात सैल सोडून घाला.”

एस.टी.ला निघताना दारात वळून म्हणाल्या, “बाकीच्यास्नी बी इचारा की. लाजताय काय पोरीवानी!”

मी स्नेहलला फोन केला आणि आधी माफी मागितली.

“काका, तुम्ही स्वतः टेम्प्लेट बदललंत?” ती एवढ्या मोठ्यानं हसली की मी फोन कानापासून लांब धरला. “भारी! पानावर ते कसं दिसायचं ते मी बघते. पण एक आहे, साचा फक्त नव्या पानाला लागतो. आधीची तेवीस तशीच राहणार. ती तुम्हाला एकेक करून हातानं बदलावी लागतील. आणि खाचरं तर माणसांनाच विचारावी लागतील.”

तेवीस फोन. वाचनालयात फोन वाजला की मी पुस्तकांच्या मागे जाऊन उभा राहायचो, कोणीतरी दुसऱ्यानं उचलावा म्हणून. मी दोनदा नंबर लावला आणि दोनदा कापला. तिसऱ्यांदा पलीकडून दौंडच्या रखमाजींनीच उचलला. त्यांच्या पानावर आठवण म्हणून एवढंच होतं : ‘विशेष काही नाही.’

“रखमाजी, तुमचं खाचर कुठलं होतं? नाव काय त्याचं?”

मी कागद पुढे घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

“वरनं सांगू का खालनं?” आवाज आला.

“वरून सांगा.”

“लिवा मंग. सगळ्यात वर टेपाचं. तितनं पानी सुटायचं भोकरीच्यात. भोकरीचं भरलं की सटवाईचं. मंग वळान घिऊन वाकनात, त्ये बाळाबाईचं. तितनं फुडं लवन...”

मला एकच नाव हवं होतं. त्यांचं स्वतःचं बहुधा सगळ्यांत खाली असावं. मी मध्ये बोललो नाही. दुसरा कागद ओढून घेतला.