वेच, पण हलू नकोस

फ्रान्सच्या त्या अफाट मैदानावर उतरत्या उन्हाळ्याचं ऊन पसरलं होतं. सुवर्णपीत, मंदगंधी, अलस ऊन. गहू कापून झाला होता. मालकाच्या गाड्या पेंढ्या घेऊन कोठाराकडे गेल्या होत्या. मागे उरली होती नुसती धसकटं, आणि धसकटांच्या पायाशी गळलेली कणसं.

ती कणसं गरिबांची. सरवा म्हणतात त्याला. गाड्या गेल्या की गावातल्या बायांनी रानात शिरायचं आणि चर्चची सांजघंटा होईपर्यंत वेचायचं. घंटा झाली की संपलं. उद्या त्याच रानात मालकाची मेंढरं सुटणार.

मॅथ्युरीनला नवरा नव्हता, दोन लेकरं होती. हिवाळ्याचं पीठ आजच्या सरव्यातूनच व्हायचं होतं.

तेवढ्यात आला मालकाचा पाहुणा, पॅरिसचा चित्रकार. म्हणाला, सरवा वेचणारी बाई हवी. मालकाने मॅथ्युरीनकडे बोट केलं. नाही म्हणायची सोय नव्हती. पण भाबडीला वाटलं, बरंच झालं की! वेचणारीच हवी ना? मग मी वेचतेच आहे.

ती वाकली. हात कणसाकडे गेला.

"अस्सं! आता हलू नकोस."

"पण मस्यू, वेचायचंय ना?"

"वेच ना. पण हलू नकोस."

घ्या! वेच म्हणे, पण हलू नकोस! जळो मेलं ते सौंदर्य! कणसावर चार बोटं हात अधांतरी, कंबरेत कळा, डोळ्यांत घाम. नीललोहित सावल्या लांबत गेल्या, धूसर सुवर्णरेणू तरळत राहिले, आणि आजूबाजूच्या बाया तिच्या वाट्याचंही वेचून पुढे गेल्या. त्यांचा तरी काय दोष? पोट त्यांनाही होतंच. चित्रकार मात्र गुणगुणत होता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

घंटा झाली. मॅथ्युरीनने झडप घालून समोरचं कणीस उचललं.

"टाक खाली," मालकाचा रखवालदार म्हणाला. "वेळ संपली."

तिने टाकलं.

"ये, बघ तरी," चित्रकार कौतुकाने म्हणाला. तिने पाहिलं. चित्रात तीच होती. तांबूस गाल, शांत चेहरा, आणि ओटीत कणसं, भरभरून, ओसंडून, सोन्यासारखी पिवळी कणसं!

"एवढी कणसं कुठली, मस्यू?"

"ओटी रिकामी बरी दिसत नाही, बाई."

बरी दिसत नाही! मॅथ्युरीनने हाताचा पंजा उघडला आणि ओल्या रंगावरून वरून खाली फिरवला. ओटीतली सगळी कणसं पुसली गेली.

"अगं, माझं चित्र!" तो किंचाळला.

"आणि माझा सरवा?" ती म्हणाली.

मग धसकटं तुडवीत, जांभळ्या सांजधुरातून ती घरी गेली. दोन्ही लेकरं दारात उभी होती. त्यांनी आईच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ती दोघं ओटीकडे बघत होती.