जिन्याची पाळी

वेड्यांची इस्पितळं बंद करायचा कायदा रोमहून निघाला अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात आणि त्या कायद्याने सोडलेल्या तीन बायका आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात. सरकारी कागदाला टेकडीवरच्या वेड्यांच्या इस्पितळातून उतरून आमच्या गल्लीत यायला दीड वर्ष लागलं. आमच्याकडच्या मानाने घाईच म्हणायची.

जागा तळमजल्यावरच्या विधवा नोरिनाची. तिने करार फक्त सहा महिन्यांचा केला. "इमारतीतल्या लोकांनी नको म्हटलं तर मार्चनंतर मी नाही देणार," असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. मी दुसऱ्या मजल्यावरचा दुइलिओ, जन्ममृत्यूच्या कचेरीतून निवृत्त झालेला. इमारतीच्या सभेचं इतिवृत्त लिहिणं माझ्याकडे, म्हणून कोण काय बोललं हे माझ्याइतकं कोणाला आठवत नाही, आणि ते कोणाला फारसं आवडतही नाही.

तिघींतली एर्सीलिया एकोणिसाव्या वर्षी आत गेली होती, पन्नासाव्या वर्षी बाहेर आली. सकाळी कोट घालून, बटणं लावून ती रस्त्याकडच्या दारापाशी उभी राहायची. दाराला कुलूप नव्हतं, नुसती मूठ होती. पण टेकडीवर दार उघडणं हे पहारेकऱ्याचं काम, म्हणून मुठीला ती हात लावत नसे. कोणीतरी आत-बाहेर करी तेव्हा ती त्याच्यामागून निसटे. चौथ्या मजल्यावरची पाल्मिरा तिला पाहिलं की बाजाराची पिशवी घेऊन उलटी वर जाई.

आमच्याकडे जिना धुण्याची पाळी असते. लाकडाची एक पाटी दर सोमवारी एका दाराच्या मुठीवरून दुसऱ्या दाराच्या मुठीवर जाते. ज्याच्याकडे पाटी, त्याने आठवडाभर जिना धुवायचा. घरं आठ. त्या तिघींचं दार पाटी गाळून जाऊ लागली. गाळणारी पाल्मिरा. मी पाहिलं, आणि इतिवृत्तात लिहिलं नाही.

नोव्हेंबरात एर्सीलियाने आपणहून बादली उचलली. इस्पितळाच्या लांबलचक ओसऱ्या तिने तीस वर्षं धुतल्या होत्या, दिवसाला दोन सिगारेटी बक्षीस. पहाटे पाच वाजता चौथ्या मजल्यापासून खाली, रोज. नाताळपर्यंत पाटी टपालाच्या पेट्यांजवळच्या खिळ्यावर जाऊन बसली आणि तिथून तिला कोणी हलवेना. पाल्मिरा आता उरलेला पोलेन्ता, म्हणजे मक्याच्या पिठाचा घाटा, वाटीतून खाली पाठवू लागली. माझ्या गुडघ्यालाही आराम पडला, हे खोटं कशाला बोलू.

मार्चमध्ये नोरिनाच्या स्वयंपाकघरात सभा भरली. तिघींकडे दिवसातून दोनदा येणारी नर्स ब्रुना दाराशी उभी होती.

"राहू दे हो बिचारीला," पाल्मिरा म्हणाली. "फक्त एवढं लिहून घ्या, दुइलिओ. जिना ती धुणार. रोज."

पहिल्या मजल्यावरचा न्हावी एलिओ हसला. "ऑक्टोबरात तर जिन्यात पवित्र पाणी शिंपडत होतात, सिन्योरा!"

"तेव्हा मला काय माहीत, इतकं छान धुते ते!"

सगळे हसले. ब्रुना हसली नाही. "टेकडीवर हेच होतं," ती म्हणाली. "तिथे निदान सिगारेटी द्यायचे. ती इथे राहील तर शेजारीण म्हणून राहील. आठ घरांत एक पाळी, तुमच्यासारखी."

"आणि आम्ही नाही म्हटलं तर?" पाल्मिराने विचारलं.

"तर मी तिला परत टेकडीवर घेऊन जाईन. एक वॉर्ड अजून उघडा आहे."

मग हात वर झाले. तीन पाल्मिराच्या बाजूने, तीन ब्रुनाच्या, त्यात नोरिनाचाही. कराराचा कागद तिच्या एप्रनच्या खिशात डोकावत होता. सातवा मी. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी माझ्या गुडघ्याकडे.

"अहो, खाली बघताय काय? हात दाखवा!" एलिओ म्हणाला.

मी हात वर केला, ब्रुनाच्या बाजूने. खूप थोर वाटून नव्हे. इतक्या महिन्यांचं न लिहिलेलं एक वाक्य माझ्या वहीत मला दिसत होतं, म्हणून.

करार वर्षभराचा झाला. ब्रुनाने वर जाऊन सांगितलं, तेव्हा जिन्यातून मला एर्सीलियाचं रडणं ऐकू आलं.

"मी काय सांडलं? कुठे डाग राहिला? सांग ना, मी परत पुसते!"

"डाग नाही गं कुठे. तुझी पाळी मे महिन्यात आहे."

"मग मला परत पाठवणार!"

समजवायला ब्रुनाला तास गेला. पाल्मिराने पोलेन्ता पाठवणं बंद केलं.

सोमवारी पाटी माझ्या मुठीवर आली. तीन महिन्यांनी गुडघा टेकला तो कुरकुरला. दुसरा मजला संपवून वर बघतो तर एर्सीलिया कठड्याला टेकून उभी. पाठीमागे हात घट्ट बांधलेले, जणू सुटले तर बादलीकडे पळतील.

"सिन्योर दुइलिओ, कोपरा राहिला."

मी पुसला.

"अजून."

मी पुन्हा पुसला. ती वाकून बराच वेळ बघत राहिली, मान हलवली, आणि माझ्या ओल्या पायऱ्या चुकवत कठड्याच्या कडेकडेने खाली गेली. थोड्या वेळाने रस्त्याकडचं दार वाजलं. दुसरं कोणी आत आलं नव्हतं, की बाहेर गेलं नव्हतं.