दव धरलेली पाठ

आमच्या मैदानावर एक नियम आहे, आणि तो का आहे असं विचारायचं नाही: काही बिघडलं तर चूक वस्तूची असते, वडीलधाऱ्यांची कधीच नसते.

मी ती वस्तू बोलतोय. माझं नाव बेडूक. रिमोटवर धावणाऱ्या हातभर गाड्यांच्या शर्यती असतात ना, त्यात दोन शर्यतींच्या मधे तापलेल्या मोटारीला मिठी मारून बसायचं आणि तिला गार करायचं, एवढंच माझं काम. पोट गार म्हणून बेडूक. हे नाव वेलिनानं ठेवलं. मला घडवलंही तिनंच.

त्याआधीचं सगळं मला धुक्यातून दिसावं तसं आठवतं. बिस्किटाएवढी पांढरी चकती होतो मी. सहलीला न्यायच्या, खाणं गार ठेवणाऱ्या एका निळ्या पेटीच्या झाकणात बसवलेला. दर उन्हाळ्यात गाडीच्या मागच्या सीटवरून काळ्या समुद्राकडे जायचो. आत कलिंगडाच्या फोडी आणि ताकाच्या बाटल्या, बाहेर सूर्यफुलांची पिवळी शेतं. एका बाजूची ऊब उचलायची, दुसऱ्या बाजूला नेऊन सोडायची. वीज आली की मला स्वप्न पडे, वीज गेली की गाढ झोप. मग एका वर्षी झाकण तुटलं आणि झोप फारच लांबली.

जाग आली ती यांबोल शहरात, वेलिनाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. अॅल्युमिनियमचा एक तुकडा कानशीनं घासून घासून तिनं मोटारीच्या गोलाईचं खोगीर केलं आणि ते माझ्या पोटाला चिकटवलं. पाठीवर जुन्या संगणकातल्या धातूच्या पात्या आणि एक लहानसा पंखा. दोन वायरी, लाल आणि काळी, टोकाला चिमटे.

"सगळ्या टेबलावर भुगा," तिची आई म्हणाली. "आता जेवायचं कुठे?"

"उभ्यानं," वेलिना म्हणाली.

तिची मोटार जुनी होती, कुणीतरी वापरून टाकलेली. लागोपाठ दोन शर्यती झाल्या की ती हात लावू देत नसे. मी मिठी मारायचो, पंखा गुणगुणायला लागायचा, आणि पाच मिनिटांत ती निवायची. ती पाच मिनिटं मला फार आवडत. तिची सगळी धग माझ्यातून वाहत जाई आणि पात्यांमधून वाऱ्यावर विरे. मला वाटे, तिची स्वप्नं मीच बघतोय. वळणं, धूळ, आणि उडी मारल्यावर हवेतला तो एक क्षण.

मैदान म्हणजे बंद पडलेल्या एका मुरंब्याच्या कारखान्याचं अंगण. क्लबचे अध्यक्ष गेन्चोकाका. आणि अंगणात पहिल्यांदा ट्रॅकचे पट्टे ओढले ते स्तामेनकाका, ज्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. "काय गं, बेडकाला आज माशी चारलीस का?" असं ते रोज विचारायचे आणि स्वतःच हसायचे.

आज सप्टेंबरात राजधानीत, सोफियाला, देशभरच्या शर्यतींना जाणारे तिघे ठरायचे होते. आमच्याकडे ज्याची शर्यत संपते त्यानं पुढच्या शर्यतीत वळणावर उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करून द्यायच्या. वेलिना तिथे उन्हात उभी होती. मी टेबलावर तिची वाट बघत होतो.

स्तामेनकाकांनी मला उचललं आणि आपल्या तापलेल्या मोटारीवर बसवलं. "पाच मिनिटं घेतो रे बेडका. पोरीला कळायचंही नाही."

चष्मा कपाळावर होता, तो तिथेच राहिला. लाल चिमटा बॅटरीच्या काळ्या बाजूला लागला आणि काळा लाल बाजूला.

तेव्हा मला उलटं स्वप्न पडायला लागलं. समुद्र मागे सरत गेला. पंखा फिरलाच नाही. ज्या पोटानं मी आजवर गारवा दिला, त्याच पोटानं मी स्तामेनकाकांच्या मोटारीला भाजत होतो. मला ओरडता येत नाही. फक्त माझ्या पाठीवर, पातीपातीवर, जुलैच्या भर दुपारी दव धरलं.

वेलिना धावत आली. "काका! वायरी उलट्या लावल्यात!"

"तुझ्या आईच्या लग्नात नाचलोय मी. वायरी मला शिकवू नकोस."

"मग पाठीवर दव कसं? गारवा वर गेलाय सगळा. मोटारीला हात लावून बघा ना!"

त्यांनी हात लावला. झटकन काढला, बोट तोंडात घातलं आणि गाडीचं झाकण बसवलं. वेलिनानं माझे चिमटे सरळ लावले आणि मला आपल्या मोटारीवर बसवलं. चारच मिनिटं मिळाली. अंतिम शर्यतीत ती दुसरी आली. स्तामेनकाकांची गाडी तिसऱ्या फेरीत मंदावली आणि वळणावर उभी राहिली ती राहिलीच.

मग सगळे तंबूत जमले. स्तामेनकाकांच्या पत्नी, त्सोन्काकाकू, पेल्यांत ताक ओतत होत्या. गेन्चोकाकांनी क्लबची वही उघडली. पान वाऱ्यानं उडत होतं म्हणून त्यावर मलाच ठेवलं.

"मी लिहिलंय," ते म्हणाले. "बेडूक सदोष, त्याच्यामुळे मोटार जळली. खाली सही कर. हा जाईल भंगारात. क्लब तुला कोरी मोटार देईल, म्हणजे असल्या बेडकांची गरजच नाही. सोफियालाही तू."

"आणि नाही केली तर?"

"तर तुझ्या जागी दुसऱ्याचं नाव. अगं, माणसाच्या वयाकडे बघ. वस्तूला काय वाटणार आहे? चूक वस्तूची असते, हा इथला नियम आहे."

"कुणी केला?"

"असं विचारत नाहीत."

वेलिनानं पेन घेतलं. माझी एक पाती वाकली होती, ती पेनाच्या टोकानं सरळ केली, आणि पेन वहीवर ठेवून दिलं.

"स्तामेनकाका, मला तुमचा राग नाही. चष्मा वर होता, चूक झाली. कुणाचीही होते. तेवढं एकदा म्हणा, मी नवी मोटार शोधायला तुमच्याबरोबर येईन. पण बेडकाला जशी वीज दिली तसा तो वागला. खोटं लिहून मला सोफिया नको."

तिनं हनुवटी वर उचलली आणि जीभ टाळ्याला लावून एकदाच 'च्' केलं. आमच्याकडे याचा अर्थ ठाम 'नाही'.

गेन्चोकाका वहीकडे बघताहेत. काकूंचा हात ताकाच्या भांड्यावर थांबलाय. स्तामेनकाकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि ते माझे दोन चिमटे निरखताहेत, लाल, मग काळा, मग पुन्हा लाल.

माझ्यात आता वीज नाही, तरी मला झोप येत नाही. भंगारात गेलो तर तिथेही मला समुद्राची स्वप्नं पडतील की नाही, ठाऊक नाही. तुमच्या हातात कधी माझ्यासारखं काही आलं, तर चष्मा घाला, आणि चुकलात तर तसं सांगा. इथे कुणीच काही बोलत नाही. म्हणून मी बोलतोय.