लेखणीची ओटी

मधुसूदनराव हर्डीकरांच्या घरात कोणतीही वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय आत येत नसे. माठ असो, नारळ असो की वीट असो, ते बोटाच्या पेराने ठोकत, कान तिरका करून आवाज ऐकत आणि मगच ती ठेवायची की परत करायची ते सांगत. तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेऊन ते बांधकामाच्या ठेकेदारीत उतरले, त्याला मोठा काळ लोटला होता. पण झाशीत लक्ष्मी गेटच्या आसपास त्यांची ही सवय अजूनही कौतुकाने सांगितली जाई.

त्या सकाळी मानिक चौकातून आलेले नारळ त्यांच्यासमोर मांडले होते.

"हा पूजेला. हा चटणीला," ते एकेक बाजूला काढत म्हणाले, "आणि हा दुकानदाराच्या डोक्यात."

"चहा गार होतोय," त्यांच्या पत्नी शशिकलाबाई आतून म्हणाल्या. "की तोही वाजवून बघणार आहात?"

त्यांची धाकटी सून निवेदिता हसली. याच वैशाखात नचिकेतशी लग्न होऊन ती ग्वाल्हेरहून या घरात आली होती, आणि हे नारळ तिच्यासाठीच होते. सोमवारी तिची लेखणीची ओटी होती.

हर्डीकरांचे पूर्वज मराठी अंमलात कारकुनी करण्यासाठी इकडे आले. तेव्हापासून घरात लेखणीची पूजा होत असे. ठेकेदारी सुरू झाल्यावर त्या पूजेला नवे वळण मिळाले. नवी सून आली की मुहूर्त पाहून तिची ओटी भरायची, चांदीच्या टोपणाचे पेन तिच्या हाती द्यायचे आणि तिच्या नावाने काढलेल्या फर्मच्या करारावर तिची पहिली सही घ्यायची. पहिली फर्म शशिकलाबाईंच्या नावाची होती, दुसरी थोरल्या सुनेच्या, प्रेमलाच्या नावाची. आता 'निवेदिता कन्स्ट्रक्शन्स' निघत होती. आखणी अण्णांची, म्हणजे मधुसूदनरावांची. कामावर उभे राहणे थोरला मुलगा देवेंद्र याचे. सुनांनी फक्त पेन्सिलीची फुली दिसेल तिथे सही करायची. शेजारच्या बायका म्हणत, "हर्डीकरजी के यहाँ बहू को मालकिन बनाते हैं!" आणि आपापल्या घराकडे पाहून सुस्कारा टाकत.

निवेदितालाही आरंभी अभिमानच वाटला होता. शंकेची पहिली ठिणगी पडली ती कामाच्या जागेवर.

मऊरानीपुरच्या रस्त्यावर एका खासगी कॉलेजचे मुलींचे वसतिगृह उभे राहत होते. तळमजला प्रेमलाच्या फर्मने बांधला होता. ती फर्म पुढे बंद केली गेली. वरचा मजला आणि त्यासोबत खालच्या बांधकामासह साऱ्या इमारतीची हमी आता नवी फर्म घेणार होती. "चला, मालकीणबाईंना काम दाखवू," असे म्हणत देवेंद्र तिला तिथे घेऊन गेला. अण्णाही आले. सवयीप्रमाणे त्यांनी काठीच्या लोखंडी टोकाने एक खांब ठोकला, मग दुसरा. तिसऱ्या खांबाशी ते थांबले. पुन्हा ठोकले. त्यांनी मान वळवून देवेंद्रकडे पाहिले. देवेंद्रने नजर वर, आकाशाकडे नेली. त्यानंतर अण्णांनी एकही खांब ठोकला नाही. सरळ गाडीत जाऊन बसले.

नारळासाठी इतके ऐकणारा माणूस तिथे एकाएकी ऐकायचा का थांबला, हे निवेदिताला उमगेना.

रात्रीची वाट न पाहता तिने दुपारीच नचिकेतला विचारले. तो म्हणाला, "नुसती सही आहे गं. बाकी अण्णा बघतात."

"अण्णांनी बघितलं, तेच तर मी बघितलं."

"तू फार विचार करतेस," असे म्हणून त्याने मोबाइल उचलला.

दुसरी ठिणगी मानिक चौकात पडली. ओटीसाठी खण घ्यायला ती दिशाला, प्रेमलाच्या मुलीला, घेऊन गेली होती. दिशाने श्रावणातच अठरा पूर्ण केली होती. मराठी तिला सगळी समजे, बोलताना मात्र जीभ हिंदीकडे वळे. दुकानदार ओळखीचा होता. खण उलगडता उलगडता तो म्हणाला, "कलम-पूजा है का? बड़ी बहूजी को सामान भी हमईं से गओ तो। उनकी तारीख अबै चल रई का, बिटिया?"

दिशाने खण घडी करून पिशवीत टाकला. "भैया, पैसे ले लो," एवढेच ती म्हणाली.

थोरल्या जाऊबाई माहेरी मऊरानीपुरला असतात, त्यांना संधिवात आहे, जिना चढवत नाही, असे निवेदिताला लग्नाआधीपासून सांगितले गेले होते. लग्नालाही त्या आल्या नव्हत्या. घरी येताच तिने सासूबाईंना विचारले, "आई, वहिनींची कसली तारीख?"

शशिकलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "डॉक्टरची असेल," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आले की आपण निवडलेले खडे पुन्हा तांदळातच टाकत आहोत.

गच्चीवर कपडे काढताना दिशाच आपण होऊन बोलली. "काकू, मम्मीला काही झालं नाहीये. वो बिल्कुल ठीक है। ती झाशीला येते, पण इथे नाही येत. कोर्टात येते. उद्या येणार. तुला यायचंय?"

कोर्टाच्या आवारात, टाइप करणाऱ्यांच्या टेबलांपलीकडे कडुनिंबाच्या पारावर प्रेमला बसली होती. अंगाने सडपातळ, ताठ. पायऱ्या उतरून ती अशी झपाझप पुढे आली, की संधिवाताची गोष्ट तिथल्या तिथे खोटी ठरली.

"हीच का नवी मालकीण?" तिने निवेदिताला न्याहाळले. "ओटी कधी?"

"सोमवारी."

"साडी कुठली देतायत? मला पैठणी दिली होती. चांगली निघाली हो. पोलीस आले तेव्हा मी हळदीकुंकवाला निघाले होते, तीच अंगावर होती. ठाण्याच्या बाकावर बसूनसुद्धा चुरगळली नाही."

"मम्मी!" दिशा म्हणाली.

"असू दे गं. हसले नाही तर काय करू?"

मग तिने सांगितले. तिच्या फर्मने धान्याच्या गोदामाची भिंत बांधली होती. पाया उथळ ठेवला गेला होता. भिंत पडली आणि सावलीला डबा उघडून बसलेली एक मजूर बाई तिच्याखाली सापडून मेली. करारावर सही प्रेमलाची होती. तिने ते गोदाम कधी पाहिलेही नव्हते. जामीन मिळेपर्यंत ती कोठडीत राहिली. सुटल्यावर, समन्स दारात येऊ नये आणि नचिकेतचे लग्न अडू नये म्हणून, तिची रवानगी माहेरी झाली.

"मी अण्णांना विचारलं होतं, सही मीच का करायची? ते म्हणाले, सूनबाई, करारात जोखीम असतेच. ती अशा नावावर ठेवावी, ज्या नावावर दुसरं काही नसतं. घर माझ्या नावावर, जमीन देवेंद्रच्या. तुझ्या नावावर काहीच नाही, मग तुझ्याकडून कोण काय नेणार?" प्रेमलाने पदर सारखा केला. "खरंच होतं. न्यायला काही नव्हतं, म्हणून मलाच नेलं."

आत पुकारा झाला. जाता जाता ती वळली. "त्या भिंतीखालच्या बाईचं नाव रामकली. माझ्या चार्जशीटमध्ये आहे. घरात कोणाला ठाऊक आहे का, विचार एकदा."

बांधकामाच्या करारात जोखीम असते, हे मधुसूदनराव खोटे बोलले नव्हते. जमीन खचते, पाऊस लांबतो, माल निकृष्ट निघतो. त्यासाठी मातीची परीक्षा असते, विमा असतो, कामावर जाणत्या माणसाची देखरेख असते. करारातली कलमे समजून घेऊन, पेलेल तेवढेच ओझे पत्करायचे असते. हे सारे महाग पडते. सुनेची सही फुकट पडते. म्हणून अनेक प्रतिष्ठित घरांनी हा स्वस्त मार्ग धरला आणि त्याला सन्मानाचे कुंकू लावले. ज्याला खांब कळतो त्याचे नाव कागदावर नाही, आणि जिचे नाव आहे तिला खांब दाखवलाच जात नाही. अशा घरात पाया भरताना कुणाचा हात कचरावा?

सोमवारी देवघरासमोर पाट मांडला गेला. शेजारच्या बायका आल्या होत्या. शशिकलाबाईंनी निवेदिताच्या पदरात तांदूळ, खण आणि वाजवून निवडलेला नारळ घातला. चांदीच्या टोपणाचे पेन तबकात होते. देवेंद्रने करार पुढे सरकवला. फुल्या घातलेल्या होत्याच.

"घे बेटा," अण्णा म्हणाले. "घरच्या लक्ष्मीचा हात लागला की काम निर्वेध होतं."

निवेदिताने पेन उचलले नाही. "अण्णा, एक विचारू? त्या दिवशी तिसरा खांब तुम्ही दोनदा का वाजवलात?"

देवेंद्र पटकन म्हणाला, "तुला त्यातलं काय कळतं?"

"काहीच नाही, दादा. म्हणूनच विचारतेय. तुम्हाला दोघांना कळतं, आणि सही माझी."

"निवेदिता," नचिकेत दबक्या आवाजात म्हणाला, "लोक बसलेत."

"रामकलीचे लोकही कुठेतरी बसले असतील."

देवेंद्रचा चेहरा उतरला. अण्णांच्या कपाळावर आठी उमटली. "कोण रामकली?" त्यांनी विचारले, आणि ते खरोखरच विचारत होते.

निवेदिताने पदरातला नारळ काढून तबकात ठेवला, मग खण, मग ओंजळीने तांदूळ. "मी सही करणार नाही. वहिनींना भेटून आले आहे. त्या उत्तम जिने चढतात."

ती पाटावरून उठली. बायकांत कुजबुज झाली. अण्णांचा आवाज मात्र चढला नाही. रागावून काम बिघडते, हे त्यांचे जुने सूत्र होते. "ठीक आहे," ते म्हणाले. "आपल्या घरात जबरदस्ती नाही. दिशा, इकडे ये. अठरा झाली ना तुला? बस आजोबांजवळ."

दिशा भिंतीशी उभी होती. लहानपणापासून आजोबांचा शब्द न मोडणारी ती पोर एक पाऊल पुढे आलीदेखील.

"दिशा, तिथंच थांब."

हा आवाज शशिकलाबाईंचा होता. त्या उठल्या आणि त्यांनी पाट उचलून नवऱ्यासमोर आदळला. तबकातले तांदूळ सांडले. "ही ओटी पहिल्यांदा मी घेतली. माझं नशीब, माझ्या नावावरचं काही पडलं नाही. प्रेमलेची भरली तेव्हा मीच कुंकू लावलं. आत्ताही मीच लावलं." त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, इतकी वर्षं संसार केला, पण तुमची सही कशी दिसते ते करारावर मी कधी पाहिलं नाही. आज बघू द्या."

"शशी, तुला समजत नाही—"

"नाहीच समजत. बसा."

शेजारच्या बायका पाहत होत्या. त्यांपैकी एकीने सहज म्हटले, "हाँ, अण्णाजी ही मालिक बन जाएँ, क्या हर्ज है?" इतक्या साध्या प्रश्नाला नकार द्यायला मधुसूदनरावांना कारण सापडेना. आणि खांब चांगले आहेत असे म्हणायचे, तर सही करायला हरकत ती कोणती?

ते पाटावर बसले. त्यांनी चष्मा लावला, देवेंद्रला आपले नाव घालायला सांगितले आणि पेनाचे टोपण काढले. मग, आयुष्यभराच्या शिस्तीने, ते करार वाचू लागले. सुनांनी तो कधी वाचला नव्हता. त्यांना वाचू दिलाही नव्हता. इमारतीच्या हमीच्या कलमाशी त्यांचे बोट थांबले. ते कलम त्यांनी पुन्हा वाचले.

त्यांनी टोपण परत लावले.

"देवेंद्र," ते खालच्या आवाजात म्हणाले, "वरचं काम थांबव. खालच्या खांबांचे नमुने काढून तपासायला पाठव. आजच. त्याशिवाय सही करता येणार नाही."

नचिकेतने मान खाली घातली. शशिकलाबाई मुलाकडे वळल्या. "देवेंद्र, तिथून तसाच मऊरानीपुरला जा आणि प्रेमलेला घेऊन ये. पुढच्या तारखेला तिच्या शेजारी हे उभे राहतील आणि पाया कोणी ठरवला ते सांगतील." अण्णांनी मान वर केली नाही, पण नकारही दिला नाही.

दिशा पुढे झाली. तिने सांडलेले तांदूळ गोळा करायला घेतले आणि वर न पाहताच विचारले, "आजोबा, और काकू साइन कर देतीं तो?"

मधुसूदनरावांचा हात तबकातल्या नारळाकडे गेला. पेर वाकले. नारळ मात्र त्यांना वाजवता आला नाही.