तीन लिटर पाणी

"मुक्ताबाई, पाणी फार कमी पिता तुम्ही," डॉक्टरीणबाई माझा रिपोर्ट बघत म्हणाल्या. "दिवसाला तीन लिटर प्यायचं. निम्मं दुपारच्या आत."

मला हसू आलं. त्या चिडल्या. "हसताय काय? वर्षात तिसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन झालंय. किडनीपर्यंत गेलं तर हसणं बंद होईल."

"पिते की मॅडम. पन पिऊन जाऊ कुठं?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांशिवाय त्या तरी काय देणार होत्या?

मी नवी मुंबईत सीवूड्सच्या एका बत्तीस मजली टॉवरमध्ये चार घरी स्वयंपाक करते. सकाळी साडेसातला आत, दुपारी दोनला बाहेर. या चार घरांत मिळून संडास-बाथरूम चौदा. मोजलेत मी. बाविसाव्या मजल्यावरच्या मालतीबाईंकडे तर माणसं दोन आणि बाथरूम चार. त्यातलं एक ब्रूनोचं. ब्रूनो म्हणजे कुत्रा. आणि पोळ्या करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, बाळं सांभाळणाऱ्या आम्ही सदतीस जणी, आमच्यासाठी अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकही नाही. म्हणून घरून निघताना अर्धा कप चहा प्यायचा आणि मग दोन वाजेपर्यंत नुसते ओठ ओले करायचे. मे महिन्यात गॅससमोर उभं राहूनसुद्धा.

मार्चमध्ये एकदा मला अगदीच धरवेना. मालतीबाई रिटायर्ड मुख्याध्यापिका. गोड बोलतात, वाचून झालेला पेपर माझ्या मुलीसाठी घडी घालून ठेवतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "जा गं, विचारतेस काय त्यात!" मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. परत येऊन कणीक मळायला घेतली, तर पॅसेजमधून फिनेलचा भपकारा. वाकून पाहिलं. मालतीबाई स्वतः साडी खोचून, नाकाला पदर लावून बाटली उपडी करत होत्या. अख्खी बाटली.

"काकू, आज फिनेल?" मी विचारलं.

"अगं, दर शनिवारी टाकते मी."

त्या दिवशी बुधवार होता. दहा मिनिटांनी त्या टेबलाशी बसल्या, "एक गरमच दे गं," म्हणाल्या आणि मी याच हातांनी केलेली पोळी त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी फिनेल टाकलं याचा राग आलाच, पण मी गप्प बसले याचा जास्त आला. तो अजून उतरलेला नाही.

पार्किंगच्या कोपऱ्यात एक बंद खोली आहे. तिथं संडास आहे हे आम्हाला माहीत होतं, कारण खिडकीच्या फटीतून आत सिंक आणि फ्लशची टाकी दिसायची. आत सोसायटीच्या क्लबहाऊसमधल्या व्यायामाच्या मोडक्या सायकली आणि प्लास्टिकच्या खुर्च्या कोंबलेल्या. माझी मुलगी क्रांती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला म्हटलं, ती खोली आमच्यासाठी उघडा, असा अर्ज लिही.

"आई, विनंती लिहू की मागणी?"

"मागणी."

सदतीस सह्या झाल्या. सेक्रेटरी राजवर्धनसाहेब महाप्याच्या आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी अर्ज उभ्याउभ्याच वाचला. "कमिटीपुढे ठेवतो," म्हणाले. पंधरा दिवसांनी चावी नाही आली, नोटीस आली. कामवाल्या बायका लॉबीत आणि बागेत बसलेल्या आढळतात. यापुढे गेटबाहेर पडताना प्रत्येक वेळी सोसायटीच्या ॲपवर 'आऊट' आणि परत येताना 'इन' करणं सक्तीचं. न करणारीची एंट्री बंद.

नोटीस मीच मोठ्यांदा वाचली. शेजारी गोजरा उभी होती. ती इथल्याच करावे गावची, तीन घरची भांडी करते. टॉवरचा स्विमिंग पूल आणि पार्किंग जिथं आहे तिथं तिच्या सासऱ्याचं भातशेत होतं.

"आमचे शेतान हे लोक पवतान," ती म्हणाली, "आन मना मुतायला जागा नाय."

गेटवरचा वॉचमन कृष्णात साताऱ्याकडचा, मनानं चांगला. तो हळूच म्हणाला, "मावशी, सांभाळून ऱ्हावा. तुम्ही आऊट केलं की वर घरमालकांच्या मोबाइलवर टिंग वाजतंय. इन केलं की परत टिंग. साहेबांनी काल स्वतः पाच-सहादा करून बघितलं. लई खूश हुते."

मी नोटीस परत एकदा वाचली. प्रत्येक वेळी, असं स्पष्ट लिहिलं होतं.

"गोजरा," मी म्हटलं, "नियम केलाय साहेबांनी. पाळायला नको?"

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती अशी हसली की भिंतीला टेकावं लागलं.

संप करायचा नाही हे पक्कं होतं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी केला, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बायका आल्या. आम्ही कामावर जाणार होतो. फक्त डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेवढं पाणी पिणार होतो. लागली की गॅस बंद, नळ बंद, खाली यायचं, आऊट करायचं. करावे गावाकडच्या नाक्यावर सार्वजनिक संडास आहे. जायला दहा मिनिटं, यायला दहा. आल्यावर इन.

आदल्या दिवशी मी फार घाबरले होते, खोटं कशाला सांगू? एंट्री बंद झाली तर चारही घरं एका फटक्यात जाणार होती, आणि त्या चार घरांवर क्रांतीचं शेवटचं वर्ष उभं होतं. तिला तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "आई, मी बघेन माझं. तू पाणी पी."

सोमवारी सव्वाआठपर्यंत मी लिटरभर पाणी संपवलं. तवा उतरवला, गॅस बंद केला.

"काकू, जाऊन येते."

"अगं, पोळ्या अर्ध्यावर टाकून? कुठं?"

"संडासला. नाक्यावर."

आम्हाला सर्व्हिस लिफ्टच वापरावी लागते. ती आली तेव्हा आत आधीच सहा जणी होत्या. कोणाच्या हाताला साबण, कोणाच्या पीठ. गेटवर कृष्णात अगदी गंभीर चेहऱ्यानं एकेकीचा नंबर घेऊन आऊट करत होता. रस्त्यावर आमची रांगच लागली, जत्रेला निघाल्यासारखी.

दहा वाजेपर्यंत दुसरी फेरी सुरू झाली. घराघरांत टिंग, टिंग, टिंग. एकीकडे ऑनलाइन मीटिंग, दुसरीकडे अर्धा फोडलेला नारळ. चौदाव्या मजल्यावर बाळ सांभाळणारी जागृती बाळाला त्याच्या आईच्या मांडीवर ठेवून आली होती.

साडेदहाला आम्ही परत गेटवर आलो तर राजवर्धनसाहेब उभे. त्यांच्या मागं घराघरांतली माणसं गोळा झालेली.

"काय चाललंय हे?"

"नियम पाळतोय साहेब," मी म्हणाले.

"चेष्टा करता? एकेकीला ब्लॉक करीन!"

चारही घरं डोळ्यांसमोर आली. पण तोंड ऐकेना. "करा. ब्लॉक करताना कारन लिवावं लागतं ना त्या ॲपवर? लिवा मग. मुतायला गेली म्हनून काढली. माझ्यापासून सुरू करा. मुक्ताबाई, चार घरं."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी कृष्णातकडे पाहिलं. कृष्णात म्हणाला, "होय साहेब, कारण टाकल्याबिगर पुढं जात नाही ते."

तेवढ्यात मालतीबाई खाली आल्या. मला दंडाला धरून त्यांनी बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मुक्ता, तू आमच्याकडचं वापर ना. ब्रूनोचं आहे ते. फक्त बाकीच्यांना बोलू नकोस हं."

मार्चमध्ये हे ऐकलं असतं तर मी त्यांच्या पाया पडले असते.

"आनि फिनेल, काकू?"

त्यांनी माझा दंड सोडला.

"मला एकटीला नको," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आमी सदतीस जनी आहोत."

चौदाव्या मजल्यावरची ती तरुण आई बाळ कमरेवर घेऊन पुढं आली. कानाला हेडफोन तसाच. "राजवर्धन, मला पंधरा मिनिटांत कॉल आहे. देऊन टाका ना यार त्यांना ती चावी!" मग आणखी दोघं-तिघं तेच म्हणाले. आमच्यावर अन्याय होतोय म्हणून कोणी बोललं नाही, आपली अडचण होतेय म्हणून बोलले. मला चाललं. चावी मिळण्याशी मतलब.

चावी आली. दार उघडलं तर वरपर्यंत सायकली.

"काढा हे बाहेर," साहेब आम्हाला म्हणाले.

गोजरा फुटपाथच्या कडेला आरामात बसली. "आमी कनाला? आमचा काम भांडीचा हाय."

कोणीच हललं नाही. शेवटी साहेब आणि कृष्णात दोघांनी मिळून एकेक सायकल बाहेर ओढली. साहेबांचा पांढरा टी-शर्ट काळा झाला. मग त्यांनी एका कागदावर 'नोकरांसाठी' असं लिहून आणलं आणि दारावर चिकटवायला गेले. चिकटपट्टी धुळीवर धरेना म्हणून मी पदरानं दार पुसलं, तर धुळीखाली स्टीलची पाटी. बाईचं चित्र आणि खाली अक्षरं: महिला कर्मचारी.

बिल्डिंग उभी राहिली तेव्हाच ही पाटी लावलेली होती. नऊ वर्षं. मी यातली सात वर्षं तिच्यासमोरून मांड्या आवळून गेले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. मी साहेबांच्या हातातला कागद घेतला, त्याची घडी केली आणि तो त्यांच्या हातात परत दिला.

"पाटी आहे साहेब."

नळ आधी खोकला, तांबडं पाणी आलं, मग स्वच्छ. पहिली गोजरा गेली. जागा तिच्या सासऱ्याची होती.

मी बाविसाव्या मजल्यावर परत आले तेव्हा दुसऱ्या फेरीला जाताना टाकलेली अर्धी भाजलेली पोळी वाळून कडक झाली होती. तवा पुन्हा ठेवला. मालतीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मुक्ता, रागावलीस का गं माझ्यावर?"

"हो काकू," मी म्हणाले. "मार्चपासून. त्या बुधवारपासून."

मी ओट्यावरची माझी पाण्याची बाटली उचलली, त्यांच्याकडे बघत तोंडाला लावली आणि सावकाश शेवटच्या घोटापर्यंत संपवली. मग नळाखाली धरून पुन्हा भरून ठेवली.