लेखक बदलला की सगुणाबाई बदलते

रोशनीसाठी चामोर्शीकडचं स्थळ आलं, ते साल टाळेबंदी उठल्यानंतरचं दुसरं. पोरगा अमर, माजरीच्या कोळसा खाणीत डंपर चालवायचा. घर मात्र मार्कंड्याजवळच्या खेड्यात, वैनगंगेच्या काठी. जात एक, घरचा धंदा एक, पोरापोरीची पसंती झालेली. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख तेवढी धरायची राहिली होती, आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात रोशनीच्या मायनं तलावात जहर टाकलं.

खरं जहर नव्हे. मालिकेतलं. पण त्यानं काय काय झालं, तेच सांगायचं आहे.

रोशनीची माय गोकुळा. मूल तालुक्यातली ढिवराची बाई. नवरा हेमराज गावच्या तलावावर जाळं टाकायचा आणि ती बाजारात मासळी विकायची. आवाज खणखणीत, म्हणून हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत तिला लहानसहान कामं मिळत. चंद्रपूरच्या एका केबलवाल्यानं दुपारची मालिका काढायचं मनात घेतलं, तेव्हा सासूच्या कामाला त्यानं हिलाच उचललं. मालिकेचं नाव 'पाळीवरचं घर'. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, राहणाऱ्या एका ढिवर कुटुंबाची गोष्ट. वर्षभर चालली तरी खूप, असं मालक म्हणायचा. ती दहा वर्षांच्या वर गेली. मालिकेत जन्मलेलं लेकरू शाळेत जायला लागलं. दुपारी जेवणं आटोपली की बाया जाळी शिवायला, मोहफुलं निवडायला म्हणून टीव्हीपुढे बसत आणि हात थांबवून पाहत.

बोलणं लिहिणारे दोघं-तिघं होते. पण गोष्ट कुठल्या वाटेनं न्यायची हे एकच माणूस ठरवी. त्याला सगळे मोठा लेखक म्हणत. मोठा लेखक बदलला की घर तेच राही, बिऱ्हाड बदले.

पहिला होता झिंगू मास्तर, नाटकं लिहून केस पांढरे केलेला. त्यानं सगुणाबाईला, म्हणजे गोकुळाच्या सासूला, अशी कडक केली की सून पदर सावरून उभी राही. बोलणी एवढी लांब की गोकुळाला मधे श्वास घ्यायला जागा सापडत नसे. त्या दिवसांत ती बसमध्ये चढली की पोरं उठून जागा देत. एकदा तर कंडक्टरनं तिला पाहून तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला.

मास्तर थकला आणि त्याच्या जागी बशीरभाई आला. बल्लारपूरचा शिंपी. नाटकवाल्यांचे कपडे शिवता शिवता त्यांची बोलणी दुरुस्त करायला लागला आणि पुढे लिहायलाच बसला. त्यानं सगुणाबाईचा राग तसाच ठेवला, पण तिला एक चोरटी, सारखी पळून जाणारी कोंबडी दिली. दिवसभर सगुणाबाई कोंबडीला शिव्या घाले, आणि सुनेला शिव्या घालता घालता तिच्या ताटात मरळीचा मोठा तुकडा सरकवे. झालं! बाजारात गोकुळाची टोपली दुपारच्या आत रिकामी व्हायला लागली. "कोंबडी सापडली का वो सगुणाबाई?" असं विचारल्याशिवाय बाया मासळी घेत नसत.

मग बशीरभाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. मालकानं नागपूरहून सुनिल नावाचा पोरगा आणला. शिकलेला, हुशार, वागायला गोड. पाहणारे घटताहेत म्हणून मालक त्याच्या मागे लागला होता आणि त्याला काहीतरी जोरदार करून दाखवणं भाग होतं. त्यानं ठरवलं, सगुणाबाई वाईट निघाली पाहिजे. भावकीच्या भांडणात तिनं गावच्या तलावात जहर टाकायचं.

गोकुळा म्हणाली, "सर, ढिवराची बाई काई बी करन, तलावात जहर नाई टाकत."

"काकू, म्हणूनच तर लोकांना धक्का बसेल," सुनिल म्हणाला.

हेमराजच्याच गावच्या तलावावर चित्रीकरण झालं. बाटलीत निळीचं पाणी होतं. गोकुळा गुडघाभर पाण्यात उतरली. बाटली उलटी करताना तिचा हात असा थरथरला की तिला दुसऱ्या हातानं तो धरावा लागला. सुनिल खूश झाला. "काय थरथर आणली काकू! एक नंबर!" तिनं आणली नव्हती. ती आपोआप आली होती.

ते दाखवलं गेलं आणि दुसऱ्या दिवशीच्या बाजारात एका बाईनं गोकुळाच्या टोपलीतली मरळ उचलली, हुंगली आणि परत ठेवली. "कोनत्या तलावातली हाय वो?" गोकुळा हसली. बाई हसली नाही. मच्छीमार संस्थेत लोक हेमराजला म्हणाले, "बायकोले सांग गा, आमच्या बोडीच्या पान्याकडं येऊ नको म्हन." तोही हसून घरी आला, पण जेवण अर्धवट टाकून उठला. हे सगळं चार दिवसांत विरून जाईल असं दोघांना वाटलं.

मग अमरचा फोन आला, रोशनीला. आजी नाही म्हणते.

रोशनीनं फोन ठेवला आणि भांडी घासायला बसली. इतक्या जोरानं घासली की शेजारीण विचारायला आली. शेवटी मायजवळ येऊन म्हणाली, "दहा वर्सं मी सगुणाबाईची पोट्टी म्हनून शाळेत मिरवलो. आता त्याच पायी माहं लग्न मोडून राह्यलं. आता तूच काय ते पाह्य, माय."

अमरचा बाप वारलेला. घर चाले ते त्याच्या आजीच्या, इतवारीबाईच्या शब्दावर. गोकुळा तिसऱ्या दिवशी बसनं तिच्या गावी गेली. म्हातारी ओसरीत जाळं शिवत बसली होती. पाणी दिलं, चहा दिला. पाहुणचारात कमी केली नाही.

"आजी, ते नाटक होतं," गोकुळा म्हणाली.

"मले अक्कल हाय. मेल्याचं काम करनारा मरत नाई, चोराचं करनारा चोर होत नाई. पन मले सांग, तलाव खरा होता का नाई?"

"होता."

"पानी खरं होतं?"

"होतं. पन आजी, बाटलीत नीळ होती."

"तलावाले काय मालूम?" इतवारीबाई म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. "ज्या पान्यावर सात पिढ्या जगल्या, त्यात तू जहर म्हनून हात घातला. हसतखेळत घातला असन, पगार घेऊन घातला असन. तुही पोरगी सोन्यासारखी हाय. पन तुह्या घरचं पानी माह्या घरी कसं आनू?"

गोकुळानं कप खाली ठेवला आणि उठली. खरी गोष्ट ही की म्हातारी जे बोलली ते तिच्याही मनात चित्रीकरणाच्या दिवसापासून बसलेलं होतं, फक्त कोणी बोललं नव्हतं. परतीच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय काय गेलं ते तिला दिसलं नाही.

पुढच्याच महिन्यात सुनिलला पुण्याच्या मोठ्या मालिकेत काम मिळालं. सगळ्यांना पेढे वाटून, पाया पडून गेला. जहर टाकलेली सगुणाबाई तशीच मधे लोंबकळत राहिली. मालक पुन्हा बशीरभाईच्या दारात गेला. त्याच्या डोळ्यांची ऑपरेशनं होऊन गेली होती. हे कळताच गोकुळानं बल्लारपूर गाठलं.

बशीरभाई मशीनवर बसला होता, जाड चष्मा लावून. त्याची लेक नाहीद आत चहा ठेवत होती. गोकुळानं रोशनीचं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "भाऊ, एवढं करा. ते सगळं सगुणाबाईले सपन पडलं होतं असं दाखवा. नाईतर तिले एक जुळी बहीन काढा. तिनं टाकलं म्हना जहर."

"जुळी बहीन? आनि इतके वर्सं कुठी होती ते? माहेरी?"

"असन कुठी बी! लेखक तुमी हा का मी?"

आतून नाहीद हसली. बशीरभाईनंही चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाला, "देखो बाई, लोकांनी जे पाह्यलं ते मले पुसता येत नाई. झिंगू मास्तरचं मी पुसलं का? त्यानं तुले राग देल्ला, मी त्याच्यातच हसू मिसळवलं. सुनिलनं तुह्या हातात बाटली देल्ली. आता ते बाटली मले घ्याच लागते. शिवन उसवली तर कपड्यावर भोकं दिसते. त्याच्यावरूनच दुसरी शिवन माराव लागते."

"मग माह्या पोरीचं काय?"

"मले हे सांग, तुमच्यात खरंच कोनं तलाव नासवला, तर काय करता?"

गोकुळानं लहानपणी एकदाच पाहिलं होतं, तिच्या माहेरी. ते तिनं सांगितलं. ज्यानं नासवलं त्यानं तलाव भरल्यावर समाजापुढे पाण्यात उभं राहायचं. केलं म्हणून कबूल करायचं. आपल्या हातानं मासळीची पिल्लं, बोटुकली, पाण्यात सोडायची. मग समाजातली वडील बाई त्याच तलावाचं पाणी ओंजळीनं त्याच्या हातावर घालते. घातलं तर तो सुटला. नाही घातलं तर त्याच्या हातची मासळी कोणी घेत नाही.

"आनि घालाचं का नाई, हे कोन ठरवते?"

"तेच बाई. तिले कोनी सांगू शकत नाई."

बशीरभाईनं मशीनचं चाक हातानं फिरवलं. "हे तं माह्यापेक्षा भारी लेखक झाली," तो म्हणाला. "बरं. त्या बाईचं काम कोन करन?"

दोघांच्या मनात एकच नाव आलं, इतवारीबाईचं.

आषाढात तलाव भरला. बोटुकली सोडायचे ते दिवसच होते, हेमराजनं संस्थेतून दोन हंडे भरून आणले. अमर आजीला मोटारसायकलवर घेऊन आला. ती येईल असं त्यालाही खात्रीनं वाटत नव्हतं. बशीरभाईनं तिला घरी जाऊन विचारलं होतं आणि एकच वाक्य पाठ करायला सांगितलं होतं: 'सगुणा, तू हे काऊन केलं?' मग पाणी घालायचं. म्हातारीनं मान हलवली होती. गावातली माणसं पाळीवर बसली होती. अर्धी चित्रीकरण पाहायला आलेली, आणि अर्धी, खरं सांगायचं तर, न्याय पाहायला.

गोकुळा पाण्यात उतरली. त्याच जागी. बोटुकली सोडली. चांदीच्या कणांसारखी ती क्षणभर तिच्या पायांभोवती फिरली आणि खोल पाण्यात गेली. इतवारीबाई लुगडं खोचून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. कॅमेरा चालू होता.

"गोकुळा," म्हातारी म्हणाली.

नाव चुकलं. कॅमेरावाल्यानं बशीरभाईकडे पाहिलं. बशीरभाईनं बोट वर करून, चालू ठेव, अशी खूण केली.

"गोकुळा, तुह्या हातानं टाकलं का?"

"हो आजी."

"कोनं सांगतलं तुले?"

सांगायला नाव होतं, आणि ते नाव घेतलं असतं तर कोणी तिला खोटं म्हटलं नसतं. सुनिल पुण्याला होता. मालक तिथेच छत्रीखाली उभा होता. रोशनी पाळीवर हेमराजच्या दंडाला धरून उभी होती.

"कोनी बी सांगतलं असन," गोकुळा म्हणाली. "हात माहा होता."

इतवारीबाई तिच्याकडे पाहत राहिली. मग वाकली. कमरेतून वाकायला तिला त्रास होत होता, तरी कोणाचा हात घेतला नाही. ओंजळ भरली आणि गोकुळाच्या हातावर पाणी घातलं. एकदा घालायची रीत. तिनं दोनदा घातलं. "एक सगुनाचं," ती म्हणाली, "आनि एक तुहं."

गोकुळा पाण्यातच खाली बसली. छातीवरचा पाटा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं तिला झालं. ती रडत होती की हसत होती ते तिलाही कळेना. पाळीवरच्या बाया एकदम बोलायला लागल्या. हेमराजनं रिकामा हंडा डोक्यावर पालथा घातला आणि पोरांना हसवायला लागला. इतक्या महिन्यांत तो असा वेडेपणा करायचा विसरला होता.

वर येऊन इतवारीबाईनं बशीरभाईला विचारलं, "हा मधातला लेखक कोन होता गा?"

"गेला पुन्याले. पोरगा वाईट नव्हता, बाई. त्याच्या घरी पानी नळाचं."

"मग नळात टाकाव लागत होतं जहर!" म्हातारी म्हणाली आणि आपल्याच बोलण्यावर खोकला येईपर्यंत हसली. मग रोशनीला हाक मारली. "ये वो पोरी, मले धरून ने. आता तुलेच न्याव लागन."

तो भाग दाखवला गेला त्या दुपारी मूलच्या बाजारात टीव्ही असलेल्या दुकानापुढे गर्दी होती. बशीरभाईनं एक शब्द कापला नव्हता. गोकुळा हे नावही तसंच ठेवलं होतं, आणि ते चुकलं असं एकाही माणसानं म्हटलं नाही. पुढच्या बाजारी गोकुळाची टोपली उघडायच्या आत बाया उभ्या होत्या. त्यातलीच एक, मरळ हुंगून ठेवणारी, म्हणाली, "दोन दे. आनि मोठ्या दे, सगुनाबाईवानी चोरून नको घालू."

माघात रोशनीचं लग्न लागलं. बशीरभाईनं नवरीच्या शालूवरचं पोलकं स्वतः बेतून शिवलं आणि नाहीदनं मेंदी काढली. रोशनी सासरी रमली. दुपारी ती आणि आजेसासू मिळून मालिका पाहत. काही आवडलं नाही की म्हातारी बशीरभाईला फोन लावायला सांगे, आणि तो ऐकून घेई. सगुणाबाई आता पुन्हा कोंबडीच्या मागे लागली होती. मालकानं पुन्हा नवा लेखक आणायचं काढलं, तेव्हा गोकुळाला आधीसारखी धास्ती वाटली नाही. येऊ दे, ती म्हणाली, कोणीही आला तरी माझे हात माझ्याजवळच आहेत.

इतवारीबाई लग्नानंतरच्या दुसऱ्या साली, कार्तिक महिन्यात, बुधवारी सकाळी, आपल्या घरी, ओसरीतल्या बाजेवर वारली.